डावखुऱ्याला मत नाही

मंडळाच्या होळीच्या पाककृती स्पर्धेत मावशींनी एका पुरणपोळीला बाद केलं होतं. ती गोष्ट मी न्यू जर्सीत एडिसनला राहायला आले तेव्हाही लोक रंगवून सांगत. पोळी उत्तम होती. परीक्षक म्हणून मावशींनी ती घेतली, जवळजवळ सगळी खाल्ली, आणि शेवटचा तुकडा बोटांत धरून म्हणाल्या, "ही ओक ट्री रोडवरच्या दुकानातल्या फ्रीझरमधली आहे. कड बघा, मशीनची आहे. बाद." ज्या बाईंची ती पोळी होती त्या पुढे दोन वर्षं मावशींशी बोलल्या नाहीत. मावशींना त्याचं काही वाटलं नाही असं नाही. मला म्हणाल्या होत्या, "चव पहिल्या नंबराची होती गं. पण स्पर्धा चवीची नव्हती, करण्याची होती."

मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर अडीच वर्षं भाड्यानं राहिले. त्या मूळच्या अमरावतीच्या. डॉक्टर झाल्या, लग्न होऊन इकडे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करत राहिल्या. चाळीस वर्षं न्यू जर्सीत काढूनही 'का' म्हणायच्या ठिकाणी त्या 'काहून' म्हणत. मी घर बघायला गेले तेव्हा त्यांनी मला एकच अट घातली. "इथं काही लपवायचं नाही. फुटलं तर सांगायचं, करपलं तर सांगायचं. मी ओरडणार नाही. पण लपवलेलं मला कळतं." दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून त्यांचा काचेचा जग फुटला. मी खाली जाऊन सांगितलं. "बरं केलंस," म्हणाल्या, आणि मला बसवून पोहे खायला घातले.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे बेसबॉल. नुसतं आवडायचं म्हणणं बरोबर नाही. एप्रिल लागला की त्यांचा दिवस सामन्याच्या वेळेप्रमाणे चाले. टीव्ही होता, पण तो त्या लावत नसत. "टीव्ही तेच तेच दहादा दाखवतो. मग माणूस लक्ष देत नाही. रेडिओ एकदाच सांगतो." स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेडिओ, समोर मोठी चौकोनांची वही आणि दोन टोकदार पेन्सिली. प्रत्येक चेंडूला काय झालं ते त्या बारीक खुणांनी वहीत लिहीत. खोडरबर त्या घरात नव्हताच. चूक झाली तर तिच्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर काय ते लिहायचं. "चुकले होते हेही दिसलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. अशा वह्यांनी तळघरातलं एक कपाट भरलं होतं.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी नाशिकची, क्रिकेट बघत वाढलेली. त्यांनी मला मेथी निवडता निवडता सगळं शिकवलं. होमरन म्हणजे आपला षटकार, पण तो मारणाऱ्यानं चारही बेसना, म्हणजे कोपऱ्यांवरच्या थांब्यांना, पाय लावून, मैदानाला एक चक्कर मारून निघाला तिथं, म्हणजे 'घरी', परत यायचं. "घरी परत आल्याशिवाय ती धाव लागत नाही," त्या म्हणत. मी म्हटलं, चेंडू तर बाहेर गेला, मग पळायचं कशाला? त्या म्हणाल्या, "नियम आहे."

गाडीही त्या अशीच चालवत. टर्नपाइकच्या हायवेवर पाटीवर जेवढा वेग लिहिला असेल तेवढाच. मागचे हॉर्न वाजवत, बाजूनं जाताना हातवारे करत. मावशी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून शांत. "चुकतायत ते. मी नाही." एकदा मंडळाच्या अंताक्षरीत त्यांचा गट जिंकत आला होता. शेवटच्या गाण्याला गटातल्या एका काकांनी फोनमध्ये बघितलेलं त्यांच्या लक्षात आलं. त्या उभ्या राहिल्या आणि स्वतःच्याच गटाला बाद करून खाली बसल्या. ते काका घरी जाताना पार्किंगमध्ये मला म्हणाले, "यार, तुमच्या मावशी म्हणजे ना, सख्ख्या माणसालाही सोडणार नाहीत." बोलून झाल्यावर त्यांनी एकदम जीभ चावली आणि गाडीत जाऊन बसले. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

दर जानेवारीत बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा निकाल लागतो. जुने खेळाडू निवृत्त झाले की क्रीडा पत्रकार त्यांच्यावर मतं टाकतात, आणि ज्यांना पुरेशी मतं पडतात त्यांची ब्राँझची पाटी एका लहान गावातल्या दालनात कायमची लागते. मावशींचा सगळ्यात लाडका खेळाडू एक डावखुरा फलंदाज होता. त्याचे होमरन त्यांनी वहीत तांबड्या पेन्सिलीनं लिहिलेले मी पाहिले आहेत. बाकी कुणाला तांबडा रंग नव्हता. पुढे त्यानंच कबूल केलं की ताकद वाढवणारी इंजेक्शनं तो बरीच वर्षं घेत होता. तेव्हापासून दर वर्षी त्याचं नाव यादीत यायचं आणि दर वर्षी मतं कमी पडायची. मावशींचं मत विचाराल तर नाही. "नाही म्हणजे नाही. त्याला पाटी नाही." आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की समोरच्यानं वाद घालू नये.

वाद मात्र झाला, आणि तोही मंडळात. माझ्या तिथल्या दुसऱ्या संक्रांतीला. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात दर वर्षी एक परिसंवाद असायचा. 'आपली मुलं मराठी का बोलत नाहीत' हा विषय लागोपाठ तीन वर्षं होऊन गेला होता, म्हणून अध्यक्ष काकांनी नवा विषय मागितला. मावशींनी सुचवला: 'डाग लागलेल्या खेळाडूंना हॉल ऑफ फेमचा मान द्यावा का?' लोक हसले. पण त्या आठवड्यात निकाल लागणार होता आणि ऑफिसात सगळे तेच बोलत होते. विषय ठरला.

शाळेच्या कॅफेटेरियात पन्नासेक माणसं होती. मान द्यावा, या बाजूनं इथंच जन्मलेली एक तरुण वकील बोलायला उभी राहिली. छान काठाची साडी, मराठी अडखळत, पण मुद्दे नेमके. ती म्हणाली, "मावशी, त्या टाइमला सगळेच घेत होते. लीगला माहीत होतं, ओनर्सना माहीत होतं, लोक तिकिटं काढून टाळ्या वाजवत होते. मग पनिशमेंट फक्त त्यालाच का? इट्स नॉट फेअर."

मावशी माईक न घेता बोलल्या. "सगळे घेत नव्हते. जे घेत नव्हते त्यांची नावं तुला माहीत नाहीत. मलाही नाहीत. ते लहान गावांच्या टीममध्ये राहिले, वरच्या टीममध्ये जागा रिकामी होण्याची वाट बघत बसले, आणि एक दिवस घरी गेले. त्यांच्यासाठी कोणी परिसंवाद ठेवत नाही."

त्या मुलीनंही मान हलवली. टाळ्या पडल्या असत्या. पण मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. नवीन होते, महिन्याभरापूर्वीच ह्यूस्टनहून बदली होऊन आलेले. हसत हसत त्यांनी विचारलं, "मावशी, समजा तुमच्या स्वतःच्या मुलानं असं केलं असतं, तर?"

त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण जुन्या लोकांनी माना खाली घातल्या. अध्यक्ष काका तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावायला लागले. माझ्या शेजारच्या काकूंनी माझा हात दाबून धरला.

"केलं होतं," मावशी म्हणाल्या. "मी त्याच्या कोचला फोन करून सांगितलं."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. अध्यक्ष काका म्हणाले, "आता आपण चहा घेऊ या."

त्यानंतर तीनचार दिवस खालून भांड्यांचाही आवाज आला नाही म्हणून शनिवारी मीच मटार घेऊन खाली गेले. दोघी सोलायला बसलो. अर्धी परात झाल्यावर त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली.

त्यांना एकच मुलगा. लहानपणी तो उजव्या हाताचा. पण त्या डावखुऱ्या फलंदाजाचं बघून त्यानं डाव्या हातानं बॅट धरायचं ठरवलं. सगळंच डाव्या हातानं करायला लागला. जेवायलाही डावा हात घ्यायचा, त्यावरून मार खाल्ला, पण बॅट बदलली नाही. संध्याकाळी याच टेबलावर आई, वडील आणि तो, तिघं रेडिओ ऐकत बसायचे. शाळेच्या टीममध्ये आला, मग खेळाच्या जोरावर कॉलेजला शिष्यवृत्ती मिळाली. दुसऱ्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आला तो दंड फुगलेले, चेहऱ्यावर पुरळ. मावशींनी धुवायच्या कपड्यांची बॅग उपसली तर मोज्यांत गुंडाळलेल्या इंजेक्शनच्या दोन बाटल्या निघाल्या. त्यांना लेबल वाचायचीही गरज नव्हती.

"मग तुम्ही त्याला विचारलं?" मी म्हटलं.

त्या शेंगेतले दाणे एकेक करून परातीत टाकत राहिल्या. "नाही ना. बाटल्या परत मोज्यात ठेवल्या. कपडे धुतले, घड्या घातल्या. रविवारी त्याला डबा भरून दिला. तो गेला. आणि सोमवारी सकाळी मी फोन केला."

मुलाला ते कोचच्या तोंडून कळलं. टीममधून काढलं, शिष्यवृत्ती गेली, कॉलेज सुटलं. तो घरी न येता पश्चिमेला निघून गेला. पुढे काम करत करत शिकला आणि आता चँडलरला, अ‍ॅरिझोनात, चिप बनवण्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, एवढं त्यांना नातेवाइकांकडून कळत असे. वडील त्याच्याशी फोनवर बोलत. ते वारले तेव्हा तो दोन दिवसांसाठी आला, सगळं नीट केलं, आणि आईशी जरुरीपुरतं बोलून परत गेला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

"मी काय चुकीचं केलं?" त्यांनी मला विचारलं. "सांग. तिथं त्याच्यामुळे दुसऱ्या कुणाचं तरी पोरगं बाकावर बसलं असणार. त्याच्या आईला मी काय सांगू?"

मी शेंगा सोलत राहिले.

त्या घरात जिन्यालगत एक बंद खोली होती. ती मला पुढे मार्चमध्ये उघडी दिसली. मावशी पलंगावर बसून मांडीवर बेसबॉलचा चामडी हातमोजा घेऊन त्याला फडक्यानं तेल चोळत होत्या. मोजा लहान होता, दहाबारा वर्षांच्या मुलाचा. "चामडं आहे. वर्षातून एकदा तेल दिलं नाही तर तडकतं," त्या म्हणाल्या. भिंतीवर डावखुऱ्याचं पोस्टर होतं. कोपरे पिवळे पडलेले, पण चिकटपट्टी नवी.

हॉल ऑफ फेमला त्या कधी गेल्या नव्हत्या. एवढं वेड, गाडीनं चार तासांवर ते गाव, आणि चाळीस वर्षांत एकदाही नाही. विचारलं की काहीतरी कारण सांगत. मे महिन्यात मला एक जोडून सुट्टी आली. मी म्हटलं, "मावशी, मी ड्राइव्ह करते. चला." मला वाटलं नाहीच म्हणतील. पण त्यांनी सकाळी सहा वाजता धपाटे आणि दह्याचा डबा तयार ठेवला होता.

तळ्याकाठचं छोटं गाव आहे ते. एकच मोठा रस्ता, लाल विटांच्या इमारती. पाट्यांच्या दालनात लोक आपोआप हळू बोलतात. मावशी पहिल्या पाटीपासून सुरुवात करून एकेक वाचत निघाल्या. जुने खेळाडू, ज्यांचे सामने त्यांनी कधी ऐकलेही नव्हते, त्यांच्याही पाट्या पूर्ण वाचल्या. दोन तास लागले. त्यांच्या गुडघ्यांनी कुरकूर केली, पण त्यांनी केली नाही.

मग वरच्या मजल्यावर गेलो. तिथं पाट्या नाहीत. तिथं संग्रहालय आहे, खेळाच्या इतिहासाचं. एका काचेच्या कपाटापाशी त्या थांबल्या आणि पुढे हलल्याच नाहीत. मी जाऊन पाहिलं. आत एक बॅट होती. खाली डावखुऱ्याचं नाव आणि ज्या सामन्यात त्या बॅटनं होमरन मारला होता त्या सामन्याची माहिती.

"हा सामना आहे माझ्याकडे," मावशी म्हणाल्या. "वहीत आहे."

तिथं माहिती सांगायला एक वयस्कर गोरे गृहस्थ उभे होते, निळं जाकीट घातलेले. मावशी त्यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्या त्या स्वच्छ, तुटक इंग्रजीत विचारलं, "हा तर आत नाही ना? याला पाटी नाही."

"नाही मॅडम. पाटी नाही," ते म्हणाले. "पण हा इतिहास आहे. जे घडलं ते घडलं. ते आम्ही ठेवतो."

"म्हणजे बॅट तुम्ही ठेवून घेतली, आणि माणूस बाहेर."

ते गृहस्थ जरा गोंधळले. "तो केव्हाही येऊ शकतो, मॅडम. दार सगळ्यांना उघडं आहे."

"आला कधी?"

"माझ्या पाहण्यात तरी नाही."

"तुम्ही बोलावलं?"

ते नम्रपणे हसले आणि दुसऱ्या लोकांकडे वळले. मावशी समोरच्या बाकावर बसल्या. मी शेजारी बसले. लोक येत होते, कपाटासमोर फोटो काढत होते, कुणी त्या नावावर शेरे मारत होते. बराच वेळ गेला. मला वाटलं, पाय दुखले असतील. मग त्या म्हणाल्या, "काहून करते मी ते तेलपाणी, अं? सांग बरं. मोज्याला तेल देते, पोस्टरला पट्टी लावते. आणि पोराला फोन नाही करत."

मी त्यांचा हात हातात घेतला. बाहेर येऊन तळ्याकाठी आम्ही धपाटे खाल्ले आणि घरी आलो.

फोन करायला त्यांना आठ दिवस लागले. नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, त्यांनी मला खाली बोलावलं आणि म्हणाल्या, "इथं बस. मी फोन ठेवून दिला तर पुन्हा लावायला सांग." फोन स्पीकरवर होता, कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. चारपाच रिंग झाल्या.

"हॅलो."

"मी बोलतेय."

"आय नो. नंबर दिसतो." मग, "तू बरी आहेस ना? काही झालं का?"

"काही नाही झालं. मी बरी आहे." मावशींनी टेबलाची कड धरली होती. "मी येऊ का तिकडे?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कधी?"

"जूनमध्ये येते."

"आई, जूनमध्ये इथं टेंपरेचर एकशे दहा फॅरनहाइट असतं. तू भाजशील."

"मग? अमरावतीला काय बर्फ पडत होता?"

तो हसला. लहान हसला, पण हसला. मावशींनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाल्या, "त्याचा आवाज त्याच्या बाबांसारखा झालाय." आणि उठून सिंकपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

मी त्यांना नेवार्क विमानतळावर सोडलं. दोन आठवड्यांसाठी गेल्या होत्या, तीन महिने राहिल्या. फोनवर विचारलं की सांगत, "त्या विषयावर अजून बोललो नाही. सकाळी तो कॉफी करून देतो. साखर कमी घालतो. मी काही म्हणत नाही, पिते." नंतर एकदा, "काल त्यानं मला त्याच्या ऑफिसातल्या लोकांना भेटवलं. 'माय मॉम' म्हणाला." सप्टेंबरमध्ये परत आल्या त्या घर आवरायलाच. एडिसनचं घर विकलं. वह्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. मुलगा स्वतः आला, ट्रक भाड्यानं घेतला आणि सगळ्या वह्या घालून अ‍ॅरिझोनापर्यंत चालवत घेऊन गेला. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उंच, कानांवर केस पिकलेला, कमी बोलणारा माणूस. खोकी उचलताना दोनदा म्हणाला, "थँक्स फॉर ड्रायव्हिंग हर." त्यापलीकडे काही नाही.

मी नोकरी बदलून जॉर्जियात अल्फारेटाला आले. घर घेतलं, लग्न झालं, मुलगी झाली. मावशींशी महिन्यातून एकदा बोलणं व्हायचं. त्यांना भेटायला मी एकदाच जाऊ शकले, मार्चमध्ये. त्या दिवसांत बऱ्याच टीम तिकडे सरावाला येतात. दुपारी आम्ही तिघं एका सराव सामन्याला गेलो. मैदानाच्या कडेला गवताचा उतार असतो, तिथं चादर पसरून बसायचं. मुलगा लिंबूपाणी आणायला गेला तेव्हा मी विचारलं, "बोललात?"

"बोललो. दिवाळीत." त्या मैदानाकडे बघत होत्या. "मी त्याला म्हटलं, सांगितलं ते बरोबरच होतं. ते मी परत करीन. पण आधी तुझ्या खोलीत यायला पाहिजे होतं. दार लावून तुझ्यापाशी बसायला पाहिजे होतं, तुला विचारायला पाहिजे होतं. मी तुझे कपडे धुतले आणि तुला डबा दिला आणि तुला काहीच कळू दिलं नाही. लपवलं तू एकट्यानं नाही, मीपण लपवलं."

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. उठून आत गेला. मला वाटलं, झालं, पुन्हा गेलं पोरगं. मग बाहेर आला, तोंड धुतलेलं होतं. म्हणे, जेवायला काय करायचं?"

मैदानावर कुणीतरी चेंडू उंच उडवला. लोक ओरडले. मी म्हटलं, "आणि डावखुरा? आता त्याला मत द्याल?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी फ्रीझरमधली पोळी आणली आहे. "पाटी नाही. पाटी कशाला? पण त्याला बोलवा ना बाप्पा. एकदा पत्र लिहा, ये म्हणा. पहिल्या रांगेत खुर्ची द्या. लोकांसमोर चहा द्या. मान देऊ नका, पण बोलवा. एवढं साधं कळत नाही का कुणाला?"

मुलगा तीन ग्लास सांभाळत उतार चढत येत होता. त्यांनी त्याच्यासाठी चादरीवर जागा केली.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मावशी गेल्या. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही असं मुलानं कळवलं. मला जाता आलं नाही. मुलगी आजारी होती. ते मला अजून लागून राहिलं आहे. काही दिवस मी काम करता करता थांबायचे, आणि मला मेथीचा वास आल्यासारखं व्हायचं, आणि ते स्वयंपाकघर दिसायचं जिथं आता दुसरंच कुणी राहतं.

जानेवारीत एका संध्याकाळी ऑफिसमधून निघून मी गाडीत बसले होते. फोन वाजला. चँडलरचा नंबर.

"निकाल लागला," तो म्हणाला. "म्हटलं तुला सांगावं. दुसरं कुणी... दुसऱ्या कुणाला काही वाटणार नाही."

"डावखुरा?"

"नाही मिळालं. मतं परत कमी पडली."

मी म्हटलं, "मला वाटतं द्यायला हवं होतं. इतकी वर्षं झाली. किती वर्षं शिक्षा करायची एखाद्याला?"

"नो," तो लगेच म्हणाला. "नाही द्यायचं. मी कॉलेजात बाकावर बसलेली मुलं बघितलीत. मला माहीत आहेत त्यांची नावं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या यादीत मी असतो ना, तर मी मला मत दिलं नसतं."

समोर पार्किंगमधल्या गाड्या एकेक करून निघत होत्या.

"आईनं दिलं असतं का?" त्यानं विचारलं. डावखुऱ्याबद्दल विचारत नव्हता तो, हे मला समजलं.

मी खोटं बोलू शकले असते. सोपं होतं, आणि त्याला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "मत नसतं दिलं."

तो हसला. बराच वेळ हसला, आणि मग ते हसणं वेगळंच व्हायला लागलं. मी थांबले. त्यानंही फोन ठेवला नाही. दोन तासांचं अंतर, त्याच्याकडे अजून ऊन असणार, माझ्याकडे दिवे लागले होते, आणि आम्ही दोघं एकाच माणसाची आठवण काढत फोन कानाला लावून बसलो होतो. शेवटी तो म्हणाला, "मार्चमध्ये मुलीला घेऊन ये. मी बोलावतोय."